झुंबरबाईचा मुराळी

झुंबरबाईच्या अर्जावर पत्ता मी लिहिला. माझ्या हाताने, माझ्या पेनाने. आजही ते आठवलं की माझाच मला राग येतो.

पहूरजवळच्या आमच्या खेड्यात मी अंगणवाडी चालवायचे. पंचाण्णव साल असेल. बायकांना सरकारी नोकऱ्यांत शेकडा तीस जागा असा हुकूम नुकताच निघालेला, आणि आमच्या भागात हातपंप दुरुस्तीलाही एक बाई नेमायचं ठरलं. दिवाळीआधी बारा जणींना महिनाभर शिकवलं. शिकवणारा तोताराम, एरंडोलकडचा, जुना मेकॅनिक. बारा जणींत त्याची बायको मंजूही होती. ती यायची, सही करायची, चहा प्यायची आणि सावलीला बसायची.

आणि आमची झुंबरबाई! पाइप वर ओढायची वेळ आली की बाकीच्या मागे सरकायच्या, ही पदर खोचून पुढे. दांडा दोनदा हलवून सांगायची, "वायसर गेलं याचं." उघडून पाहावं तर खरंच वायसर गेलेलं. तोताराम सगळ्यांदेखत तिचं कौतुक करायचा. भाऊबीजेला तिने त्याला ओवाळलं. तिला सख्खा भाऊ नव्हता, आई-बाप कधीच गेलेले. पुढे चैत्रापर्यंत सात गावांचे पंप तिने त्याच्यासोबत फिरून चालू केले, तेही फुकट. अनुभव मिळतो म्हणे!

नवरा गिरधर कामाला गेला तर गेला, नाही तर पारावर. पदरात दोन मुली. "ताई, ही नोकरी लागू दे," ती म्हणायची, "मंग पोरीईले शाळेतून काढत नही मी." एवढंच मागणं होतं बाईचं.

अर्ज भरताना मी विचारलं, "पत्ता कुठला लिहू?" आमच्या वस्तीत पोस्टमन आठवड्यातून एकदा उगवायचा. ती पटकन म्हणाली, "तोताराम भाऊचा लिहा. त्याच्या हाती पडलं म्हंजे मले भेटलं." आणि मी अक्कलशून्य बाई, लिहून मोकळी झाले.

आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी झोके घ्यायला जाते, तिला न्यायला माहेरचा मुराळी येतो. झुंबरबाई बारा वर्षं दारात उभी राहून दुसऱ्यांचे मुराळी बघायची. त्या वर्षी तिच्या दारात तोतारामचा पुतण्या उभा राहिला. "काकांनी न्यायला पाठवलंय," म्हणाला. माय गं, काय तिचा आनंद! मुलींना सासूजवळ ठेवलं, नवीन बांगड्या भरल्या, वाटेत दिसेल त्याला सांगत सुटली, "मी माहेरी चालली." मीही हसून म्हटलं, "झोके घे पोटभर."

तोतारामच्या घरी मंजू नव्हती. ती तिच्या माहेरी जळगावला गेली, असं तोतारामने सांगितलं. मग घरात बाई म्हणून हीच. पुरण हिने वाटलं, मांडे हिने केले, मंजूच्या दोन पोरांना न्हाऊ घातलं. भावाचं घर म्हणून दोन दिवस हौसेने राबली. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तोतारामची म्हातारी आई माजघरात पाठ टेकवून तिला म्हणाली, "घर सांभायाले तू उनी म्हनीसन बरं झायं माय. नही ते मंजू परीक्षाले कशी जाती?"

"कसली परीक्षा?"

"त्या पंपनी. आज जळगावले शे ना!"

हातातलं भांडं तिने तिथेच ठेवलं. परत पोचवायला मुराळी यायची वाट न बघता एकटी निघाली, दोन एसट्या बदलून जळगाव गाठलं. भरतीच्या ऑफिसला तोवर कुलूप लागलं होतं.

चार दिवसांनी यादी लागली. मंजूचं नाव. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झुंबरबाईला घेऊन मी जळगावच्या ऑफिसात जाऊन थडकले. साहेब पंख्याखाली बसलेले. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "जागा बायकांसाठी होती ना? मग बाईच लागली की! तक्रार कसली?"

"अहो, तिला पाना धरता येत नाही!"

"प्रमाणपत्र आहे तिचं. आणि तुमच्या बाई परीक्षेला आल्याच नाहीत."

"बोलावणं तोतारामने दाबून ठेवलं. वर हिला घरी नेऊन ठेवली."

साहेबांनी हसून पेनाचं टोपण लावलं. "पत्र त्याच्या पत्त्यावर पाठवा, असं तुम्हीच अर्जात लिहिलंय. आणि सणाला घरी बोलावलं, जेवूखाऊ घातलं, हा काय गुन्हा झाला? कोणत्या कलमाखाली लिहू मी?" मग त्यांनी झुंबरबाईकडे पाहिलं. "बाई, तो तोताराम तुमचा कोण लागतो?"

झुंबरबाई एवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती. बांगड्या नव्याच होत्या अजून.

"कोनी नही," ती म्हणाली.

पहूरच्या गाडीत बसल्यावर ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ताई, नोकरी त्याने मागितली असती ना, तरी मी देऊन टाकली असती. भाऊ म्हनून." आणि पदर तोंडात कोंबून, सगळी गाडी बघत असताना, हमसून हमसून रडली.