गजाआडची मुळाक्षरे

माझ्या हातून एक शब्द खोडला गेला, असे मी पुष्कळ वर्षे म्हणत आलो. खरे म्हणजे तो मी खोडला.

ठाण्याच्या इंग्रजी शाळेत मी मराठी आणि भाषांतर शिकवीत असे. राहायला कल्याणला होतो. कल्याणहून तीन विद्यार्थी माझ्याबरोबर आगगाडीने जात. दोघे ब्राह्मणआळीतले, तिसरा खाडीकाठी मिठागर करणाऱ्या आगरी घरातला. ते दोघे त्याला 'खारट' म्हणत. तोही म्हणे, "असू दे. माझ्यावाचून तुमची आमटी अळणी."

स्टेशनच्या वाटेवर गावची मराठी शाळा लागे. तिच्या पडवीत, खिडकीखाली, महारवाड्यातली चार मुले बसत. सरकारी नियमाने त्यांना शाळा बंद नव्हती. रिवाजाने वर्गाचा उंबरा बंद होता. त्यांत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिचा बाप पलटणीत राहून आलेला, आता रेल्वेच्या रुळांवर कामाला. पलटणीच्या शाळेत त्याने मुली शिकताना पाहिल्या होत्या, म्हणून हट्टाने तिला पाठवी. तिथले गुरुजी तिची पाटी दारातूनच पाहत आणि म्हणत, "हिला अक्षर यायचे नाही." कारण ती अक्षराअक्षराशेजारी एक उभी रेघ ओढी. 'कमळ' सांगितले की 'कामाळा' लिही.

एकदा गाडीला वेळ होता. खारट उगीच पडवीत चढला, तिच्या शेजारी मांडी घालून बसला आणि तिथून फळ्याकडे पाहू लागला. मग ओरडला, "मास्तर, इथे बसून बघा! अहो, ही गज लिहितेय!"

मी बसलो नाही. नुसते वाकून पाहिले. खिडकीच्या गजांमुळे फळ्यावरच्या अक्षरांमध्ये खरोखरच उभ्या रेघा आल्या होत्या. मुलीने दिसले ते बिनचूक उतरवले होते. आतल्या मुलांचा हात धरून गुरुजी अक्षर गिरवून घेत. तिचा हात कोणी धरणार नव्हते.

त्या दिवसापासून दर रविवारी ही तीन पोरे पडवीत जाऊन बसू लागली आणि हात धरून गिरवून घेऊ लागली. ब्राह्मणआळीतल्या दोघांना घरी परतल्यावर विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय आत घेत नसत. खारट म्हणे, "बरे झाले, एरवी कुठे अंघोळ करता तुम्ही!" मग तिघांनी ठरवले की त्या मराठी शाळेच्या कमिटीकडे अर्ज करायचा. "लिहिणार आम्हीच, मास्तर. तुम्ही फक्त शुद्धलेखन पाहा." अर्जात होते, "या मुलांस वर्गात बसू द्यावे."

तेव्हा माझी नेमणूक कायम व्हायची होती, आणि कमिटीतल्या एका वजनदार गृहस्थांची शिफारस मला हवी होती. मी 'वर्गात' खोडले आणि वर 'शाळेत' लिहिले.

"वर्ग म्हणजे इयत्ताही होते," मी म्हणालो. "अर्थ पक्का राहत नाही."

खारट कागदाकडे पाहत राहिला. "पण मास्तर, शाळेत तर ती आहेतच ना?"

"शाळेत म्हटले की सगळे आले."

"अरे, मास्तर सांगतायत ना? लिही मुकाट्याने," दुसरा म्हणाला. खारटने लिहिले. मी भाषेचा मास्तर होतो.

अर्ज मंजूर झाला. पोरांनी स्टेशनवर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बाप स्वतः मुलीला घेऊन आला. तिला धुतलेला परकर नेसवला होता, केसांना तेल लावले होते. अंगणातूनच त्याने मला विचारले, "मास्तर, कागूद आला म्हंत्यात. मग पोर आज कुठं बसंल?"

गुरुजींनी उंबऱ्यात उभे राहून कागद दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती, सुटकाच होती. "शाळेत बसू द्यावे. बरोबर आहे. पडवी शाळेचीच की!"

मुलगी जाऊन आपल्या जागी बसली.

गाडीत खारटने विचारले, "तुम्हाला ठाऊक होतं, मास्तर?"

"नाही," मी म्हणालो. शब्द खोडण्यापेक्षा हे 'नाही' मला जास्त जड गेले आहे.

पुढचा अर्ज त्यांनी मला दाखवला नाही. एका फळीला काळा रंग देऊन त्यांनी ती पडवीतच टांगली. तिच्यावर त्या मुलीने पहिल्यांदा रेघेवाचून 'कमळ' लिहिले, असे मी इतरांकडून ऐकले. दुसऱ्या अर्जाचे उत्तर यायला वर्ष लागले. पडवीतल्या बाकीच्या तीन मुलांना आत दाराशी बसवले. तोवर मुलीच्या बापाची बदली कसाऱ्याकडे घाटात झाली होती आणि तीही गेली होती. वर्गात ती एक दिवसही बसली नाही.

माझी नेमणूक कायम झाली. माझे ते तिघे विद्यार्थी शाळा सोडून आपापल्या वाटेने गेले. मी पुढे किती विद्यार्थ्यांचे अर्ज तपासले, पण कागद पुढे करून "शुद्धलेखन पाहा, मास्तर" म्हणणारा तो आवाज मला पुन्हा ऐकायचा आहे. खारट वाटेत कुठे भेटला तर त्या 'नाही'चे 'होय' करायचे आहे. अजून भेटला नाही.

हल्ली शाळा सुटल्यावर मी कधी कधी आमच्या ठाण्याच्या शाळेच्या पडवीत जातो आणि खिडकीखाली जमिनीवर बसतो. त्या दिवशी बसायचे राहिले होते. तिथून गजांमधून फळा पाहतो. माझ्याच हातचे अक्षर असते, आणि मला ते नीट वाचता येत नाही.