ड्रायव्हरची गाठ

ट्रकमधल्या मालाला ड्रायव्हरनं मारलेली गाठ त्याच्याखेरीज एकट्या बायकोला सुटायची. कितीतरी वर्षं ट्रकवर ती सोबत असायची. आता तिला स्वतःचं घरही आठवत नसे. निवृत्त झालेला ड्रायव्हर तिला रोज तळ्यावर न्यायचा आणि ती उठून भलतीकडेच चालू लागायची. एकदा दमून त्याचे डोळे मिटायला लागले, तेव्हा कुणी बघत नाही असं पाहून त्यानं तिचं मनगट दोरीनं बाकाला करकचून बांधलं.

जाग आली तर दोरी त्याच्याच मनगटाला. दुसरं टोक धरून बायको फिरायला आलेल्या एका बाईंना सांगत होती, "यांच्या लक्षात राहत नाही हो. कुठंही निघून जातात बिचारे."

तिच्या मनगटावर लाल वळ होता. त्याच्या मनगटावरची गाठ मात्र तिनं सैल मारली होती, हाताला काचू नये म्हणून.