पास झालेला झिंगू

आमच्या सिंदेवाहीच्या लाकूड डेपोमागं सागाच्या खांबाले एक लोखंडी कडं हाये. रेंजरसाहेबानं बास्केटबॉलसाठी ठोकलं, आनि लगेच त्याची बदली झाली. कडं रायलं, चेंडू रायला, खेळनारं कोनी नाई. फक्त झिंगू.

झिंगू जंगलातल्या गावचा. मायबाप नाई. लहानपनापासून धानाच्या बांधीत राखनीच्या उंच माळ्यावर एकटा बसून पोपट हाकले, ढेकूळ फेकलं का नेम चुके नाई. तोच हात चेंडूले लागला. डेपोत ओंडके उचलून झाले का संध्याकाळी एकटाच चेंडू फेकत राहे. डेपोले लागूनच माह्यं घर, मी परसातून म्हनो, "अरे बांबू, त्या कड्यासंगंच लगीन लावून देऊ का तुह्यं?" थो लाजे. त्याच्याशी बोलनारी मी एकटीच, म्हनून जरा जास्तच बोलो.

गोष्ट नागपूरवरी गेली. खेळाचे मास्तर गुणवंतराव चार पोरं घेऊन पाहाले आले. पसंत पडला तं झिंगूले संघात नेनार होते. तिथी राहनं, जेवन, आनि सोबतीले पोरं! झिंगूनं सदरा धुवून घातला.

पयले त्याले एकट्याले फेकाले लावलं. चेंडू कड्याले शिवे बी ना, सरळ आत. गुणवंतरावाचं पान तोंडातच रायलं. "असा हात म्या पाह्यला नाई, बाई!"

मंग पोरं मैदानात उतरवली. झिंगूच्या हाती चेंडू येताच गुणवंतराव ओरडले, "पास! झिंगू, पास!"

झिंगू थबकला. चेंडू हळूच खाली ठेवला, मास्तरले हात जोडले आनि माझ्याकडे धावत आला. "मावशी, पास झालो! मास्तरनंच सांगतलं!"

पोरं पोट धरून हासली. मी बी हासली, मंग त्याच्या तोंडाकडे पाहून गप झाली.

गुणवंतरावानं समजावून पुन्हा खेळवलं. पन झिंगू कोनालेच चेंडू देईना, पाहे तं कड्याकडेच.

"हात सोन्याचा हाये, बाई. पन हा पाच जनाचा खेळ. याले बाकीचे चार दिसतच नाई."

"दिसन कसे, भाऊ? माळ्यावर काय चौघं बसत होते?"

गुणवंतराव जीपकडे निघाले. "कोनासोबत तरी रोज खेळू द्या याले. पुढच्या साली पाहतो."

जीप गेली. झिंगू म्हने, "मावशी, कोनासोबत?"

मीच पदर खोचून उभी रायली. पयलाच चेंडू छातीवर बसला, मी धपकन खाली. त्यानं मंग मले कधी बोलावलं नाई.

पुढचं साल बी आलं, गेलं, मास्तर काई आले नाई. आता थो डेपोच्या भिंतीवर चेंडू फेकते. फेकाच्या आधी सोताच ओरडते, "पास!" भिंत चेंडू परत देते.

एखाद्या दिवशी मीच परसातून ओरडते, "पास!" चिडवाले. थो चेंडू हाती धरून चारही बाजूनं पाहते, कोन आलं म्हनून.