चेकला लावलेलं कुंकू

आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी देवापुढे जाते. फ्रिज आला, त्याला हळदकुंकू. मुलीचं परीक्षेचं हॉल तिकीट आलं, त्यालाही. मग यांच्या ग्रॅच्युइटीचा चेक आला, त्याला मी सोडते होय! इथे सुरतेत उधन्याच्या कारखान्यात खडखडणारे लूम चालवून यांनी अर्धे कान घालवले, त्याची ती कमाई. चांगलं ठसठशीत बोट उमटवलं आणि मंगळवारी मीच ऐटीत बँकेच्या पेटीत टाकून आले. शनिवारी मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख होती.

बुधवारी मेसेज आला, चेक परत. वर दंडही कापला. मी तणतणत बँकेत गेले. खिडकीवरच्या बाई आपल्या जळगावकडच्याच निघाल्या.

"ताई, आता चेक दुसऱ्या बँकेत जात नाही. त्याचा फक्त फोटो जातो. फोटोत तुमचं कुंकू काळं आलंय आणि रक्कम त्याखाली गेलीय."

"अहो, पण कागद तर तुमच्या हातात आहे. तुम्हाला वाचता येतंय ना?"

"मला येतंय. त्यांना फोटोत येत नाही."

चेक देणाऱ्या कारखान्याच्या सेठची बँक रस्त्यापलीकडे, पानाच्या टपरीशेजारी. म्हटलं, द्या इकडे, मी दाखवून येते, रस्ता तर ओलांडायचा आहे. बाई हसल्या. फोटो म्हणे कुठल्याशा मोठ्या कॉम्प्युटरला जाणार आणि तिथून फिरून समोरच्या इमारतीत येणार. शहाण्या माणसांनी केलेली सोय, आपण काय बोलणार! नवा चेक आणा म्हणाल्या. पूर्वीसारखे दोन-दोन दिवसही लागत नाहीत, सकाळी टाकला तर संध्याकाळपर्यंत पैसे जमा.

घरी हे एवढंच म्हणाले, "देवानं मागितलं व्हतं का कुंकू?" मुलीनं फीचा कागद घडी करून कपाटात ठेवला. ते जास्त लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गुरुवारी आम्ही दोघं सेठकडे गेलो. कुंकवाची हकिकत ऐकून सेठ पोट धरून हसले. स्वतः दिवाळीला वह्यांची पूजा करतात, त्यावर स्वस्तिक काढतात, पण आमचं कुंकू म्हणजे अडाणीपणा. हसून झाल्यावर म्हणाले, नवा चेक पुढच्या महिन्यात देतो, सध्या पार्टीचे चेक वटायचे आहेत, पैसे क्लिअरिंगमध्ये अडकलेत. यांनी मान हलवली. सेठपुढे मान हलवायची यांना इतकी सवय की घरी पंख्याखाली बसले तरी हलते.

तेवढ्यात बाहेरगावचा एक व्यापारी साड्यांचे नमुने बघायला येऊन बसला. मी पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "सेठ, अमारो चेक पाछो आव्यो."

खोटं एक अक्षर नाही. चेक परत आला होताच. कुंकवाचं काय ते मी गाळलं. सुरतच्या कापड बाजारात माणसाची बायको पळाली तरी चार दिवसांनी लोक विसरतात, पण चेक परत आला हे विसरत नाहीत. व्यापाऱ्याचा हात साडीवर थांबला. सेठचा चेहरा उतरला. त्यांनी खुलासा करायला तोंड उघडलं, तशी मी म्हटलं, आज गुरुवार, शनिवारी फी भरायची आहे. सेठनी मोबाइल उचलला, यांचा खाते नंबर विचारला आणि व्यापाऱ्याला दिसेल असा धरून पैसे पाठवले.

आम्ही जिना उतरत होतो तेवढ्यात बँकेचा मेसेज आला. पूर्ण रक्कम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पोरीचं वर्ष वाचलं. हे मात्र कठडा धरून उभे राहिले. दोनदा मेसेज वाचला.

"एवढ्यात येतात?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. मग बँकेतल्या बाईंनी चेकबद्दल जे सांगितलं होतं तेही सांगितलं, सकाळी टाकला तर संध्याकाळी. हे वळले आणि पुन्हा जिना चढायला लागले. मी मागोमाग.

सेठपुढे उभे राहून यांनी आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलं, "सेठ, गेल्या साली माझी आई आजारी होती. तेव्हा माझा पगार आठ दिवस क्लिअरिंगमध्ये अडकलाय म्हणाला होतात. गाडीभाड्याला पैसे नव्हते. मी गावी पोचलो तेव्हा तिच्या अस्थीसुद्धा नदीत सोडून झाल्या होत्या. ते क्लिअरिंग कोणतं होतं?"

सेठनी चहा सांगितला. चहा आला. व्यापाऱ्यानं आपला कप उचलला. हे तसेच उभे होते.