आमचे बडबडे साडू

नगर-पुणे रस्त्यावरच्या आमच्या अख्ख्या सुप्यात माझ्या थोरल्या साडूंइतका बडबडा माणूस दुसरा नाही. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही आणि तोंडाने बोलता येत नाही, पण त्याचा बडबडीशी काही संबंध नाही. ते हातांनी बोलतात. दात घासता घासता बोलतात, घास ताटात परत ठेवून बोलतात, मोटारसायकलवर मागे बसले तर पुढच्याच्या पाठीवर बोटाने बोलतात. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात ते प्रेस मशीनवर आहेत, तिथल्या धडधडाटात बाकीच्या कामगारांना एकमेकांचं अक्षर ऐकू येत नाही. साडूंनी मात्र तिथल्या चौघा-पाचजणांना आपली भाषा शिकवली आहे, आणि शेडच्या या टोकाहून त्या टोकाला कोणाच्या डब्यात आज काय आहे याची सविस्तर चर्चा चालते.

त्यांचे खरे दिवस आले ते फोनमध्ये माणूस दिसायला लागल्यापासून. नगरच्या शाळेतले त्यांचे जुने सोबती, कोणी राहुरीला तर कोणी कर्जतला, आता दिवसभर त्यांच्या खिशात असतात. बोलायला दोन्ही हात लागत असल्यामुळे फोन कशाला तरी टेकवावा लागतो. मग तो तेलाच्या डब्याला टेकतो, कांद्याच्या गोणीला टेकतो, आणि एकदा मी दुपारचा त्यांच्याकडे आडवा झालो होतो तर माझ्या पोटाला टेकला होता. प्रत्येक माणसाला त्यांनी खुणेचं नाव ठेवलं आहे. सासूबाईंचं नाव म्हणजे दातांवर मिश्री घासणारं बोट. माझं नाव म्हणजे पोटावरून गोल फिरवलेला तळहात. मी तक्रार केली तेव्हा हातांनीच म्हणाले, "कमी करा, मग बदलतो." पुढाऱ्यांची भाषणं आणि कीर्तनं ते तासन्‌तास बघतात आणि निकाल देतात, "हा माणूस बरा," किंवा "याचे हात खोटं बोलतात." रोज संध्याकाळी स्वतःही मोबाईलसमोर उभं राहून आपल्या मंडळींसाठी बातम्या देतात. मुळा धरणाचं पाणी कधी सुटणार, कांदा कितीला गेला, कोणाचं लग्न ठरलं. ऐकणाऱ्यांच्या सोयीसाठी मागून आवाज असतो अक्कांचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचा. "आज कांदा पडला," असं सांगून अक्का त्याच दमात पुढे म्हणतात, "आन्‌ सकाळी सांगितलेली कोथिंबीर ह्यांनी आनली न्हाई, ते बी सांगा लोकान्ला." लोक त्या बातम्या अक्कांसाठीच बघतात, असा माझा कयास आहे. साडूंना मी तो अजून सांगितलेला नाही.

त्यांना एकच मुलगी. ती पुण्याला नर्सिंग शिकते. तिला ऐकू येतं, पण बोलायला लागायच्या आधी ती बापाच्या खुणा शिकली. संध्याकाळी बाप-लेकीचा व्हिडिओ कॉल सुरू झाला की घरात पंख्याशिवाय कसलाही आवाज नसतो आणि दोघं हसून हसून लोळत असतात.

अशात कुठल्याशा व्हिडिओवरून दोन गटांत वाजलं आणि आमच्या भागातलं इंटरनेट बंद झालं. बाकीच्यांची कुरकुर क्रिकेटपुरती होती. साधे फोन चालू होते, लोक बोलत होते. साडूंची मात्र वाचाच गेली. आणि नेमकं त्याच आठवड्यात मुलीला कर्जतकडचं स्थळ आलं. बागायती घर, मुलगा नोकरीला. त्यांना उत्तराची घाई होती. अट एकच, लग्नानंतर मुलीने नोकरी करायची नाही. अक्कांनी साध्या फोनवर लेकीला विचारलं. लेक म्हणाली, "चालंल."

"व्हय म्हनली ती! माज्या कानानं ऐकलं," अक्का आनंदाने साडूंपुढे हात नाचवत होत्या.

साडूंनी मान हलवली. "मी नाही पाहिलं," ते म्हणाले.

मुलीने त्यांच्यासाठी साधा मेसेजही पाठवला, 'पप्पा, माझी तयारी आहे.' तो त्यांनी वाचला, मोबाईल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हे लिहिताना ती हसत होती का?"

मग आम्ही सरकारी कचेरीत गेलो. साहेब भला माणूस होता. मी अडचण सांगितल्यावर तो म्हणाला, "अहो, चार-दोन दिवसांचा प्रश्न आहे. साधा फोन चालू आहे की, त्यावर बोलायला सांगा त्यांना." मी हे हातांनी कसंबसं सांगितलं. साडू हसले. त्यांनी स्वतःच्या तोंडावर तळहात दाबला आणि दुसऱ्या हाताने साहेबाकडे बोट केलं. तुम्ही चार दिवस असे राहा. याचा अर्थ सांगायची माझी हिंमत झाली नाही, पण साहेबाला तो कळला. त्याने आम्हाला चहा सांगितला. "बरोबर आहे त्यांचं," तो हळूच म्हणाला, "पण हुकूम वरून आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू मला घेऊन पुण्याच्या एसटीत बसले. शिरूरच्या आसपास खिशातला मोबाईल थरथरायला लागला. नेट आलं होतं. मी म्हटलं, "इथंच उतरू, फोन लावा, दुपारच्या आत घरी." साडूंनी खिशातून तिकीट काढून मला दाखवलं. ते पुण्याचं होतं.

मुलगी हॉस्टेलच्या फाटकाशी आली. बापाने एकच प्रश्न विचारला. तिने होकारासाठी हात उचलला, आणि तो अर्ध्यातच थांबला. मग तिची बोटं इतक्या वेगाने चालायला लागली की मला फार थोडं कळलं. आई फोनवर इतकी हसत होती की नाही म्हणवेना, एवढं कळलं. पुढचं बघणं म्हणजे दाराला कान लावण्यासारखं होतं, म्हणून मी पलीकडच्या टपरीकडे तोंड करून उभा राहिलो.

स्थळाला नकार कळवला. अक्का दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. राग स्थळ गेल्याचा नव्हता. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "येवढी जवळची लेक, आन्‌ माज्याशी खोटं बोलली." साडूंनी त्यांच्या ओठांवरून ते वाचलं. पीठ लागलेला त्यांचा हात हातात घेतला आणि मग सावकाश सांगितलं, "तुझ्याशी नाही, फोनशी. तू तिथं नव्हतीस."

त्याच संध्याकाळी नेट परत आलं. मी तिथेच होतो. साडूंनी सवयीने फोन मांडला, लेकीचा चेहरा उमटला. ती चटकन "आई, ऐक ना," म्हणाली, तशा अक्का पुढे सरकल्या आणि पदराने हात पुसत म्हणाल्या, "बोलू नगं. निस्ती बस माज्याम्होरं जरा."

ती बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. साडूंचे हात काहीतरी सांगायला वर आले होते. ते त्यांनी खाली घेतले, मला खुणेने उठवलं, आणि आम्ही दोघं ओट्यावर जाऊन बसलो. पुण्याकडे जाणारे ट्रक रस्त्यावरून एकामागून एक चालले होते. कितीतरी वेळ साडू काहीच बोलले नाहीत.