त्याच्या नायकाचं ठरत नव्हतं

गाडीत बसला की आधी तो सीटबेल्टशी झटापट करायचा आणि मग सुस्कारा टाकायचा, "त्याचं अजून ठरत नाही, ब्रदर." 'तो' म्हणजे त्याच्या अरबी कादंबरीचा नायक. कॅल्गरीच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा सुदानी इंजिनिअर दिवसभर पाइपलाइनची ड्रॉइंग्ज तपासायचा आणि घरी जाऊन कादंबरी लिहायचा. राहायला माझ्याच गल्लीत, त्यामुळे रोज माझ्याच गाडीत.

नायक कसला, महाबिलंदर! कॅनडात असला की गावच्या मातीचे गोडवे. गावी गेला की त्याच मातीने शिंका, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांशीही इंग्रजी. असल्या माणसाला वाचकांनी का सहन करायचं, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "तू मला करतोसच की."

तीन वर्षांत त्या नायकाने गावी परतायचं सतरा वेळा ठरवलं आणि मोडलं. लेखकाचंही तेच. खार्टूमला वडील एकटे, थकलेले, फोनवर सारखे बोलावत. हा तिकीट काढायचा, बॅग भरायचा आणि आयत्या वेळी रद्द करायचा. आधी नायक जाईल, मग मी जाईन, असं वर मलाच ऐकवायचा. मी दर दोन वर्षांनी नागपूरला आईकडे जाऊन येत असल्यामुळे उपदेशाचा हक्क मला होताच, आणि तो मी मनसोक्त बजावला. पालथ्या घड्यावर पाणी.

एका जानेवारीत तो गाडीत बसला आणि बेल्ट लावलाच नाही. वडील गेले, म्हणाला. मी ऑफिसचा रस्ता सोडून विमानतळाकडे वळलो. आपल्याकडे परदेशातल्या मुलासाठी थांबतात, तेच माझ्या डोक्यात. म्हटलं, मिळेल ते विमान पकड, तोवर थांबतील.

"दफन झालं," तो म्हणाला. "आमच्यात त्याच दिवशी करतात, कुणासाठी थांबत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत आहे."

मी गाडी कडेला घेतली.

महिन्याभरात राजीनामा देऊन तो कायमचा निघाला. विमानतळावर न राहवून मी विचारलं, आता कशाला?

"आता तिथे माझ्यावर रागावणारं कुणी नाही," तो म्हणाला.

रागावणारा इथे मी होतो. मी गाडीतून त्याच्या बॅगा उतरवू लागलो.