पहिला हप्ता काउंटरवर

पतपेढीत ठेवी जमायला वर्षं लागतात, किस्से मात्र आपोआप जमतात. ठेवीला निदान मुदत असते, किश्श्यांना तीही नाही! बावीस वर्षं मी अंबरनाथच्या एका छोट्या पतपेढीत कर्जाच्या टेबलावर बसतेय. इतकी वर्षं माझ्याकडचे सगळे किस्से कारखान्यातल्या कामगारांचे असायचे. आता मात्र एकच माणूस पुरतो. दीपक. सोनिवलीचा, एकतीस वर्षांचा, पाठीवर जेवणाची चौकोनी बॅग. आज हसत सांगतेय, पण तेव्हा माझं बीपी वाढलं होतं हे आधीच सांगून ठेवते.

*

पहिल्या दिवशी तो हेल्मेट काखेत घेऊन उभा राहिला. "ताई, टू-व्हीलरसाठी लोन पायजे. सेकंडहँड चालेल."

"पगाराची स्लिप?"

त्याने मोबाईल पुढे केला. रोजची कमाई, रोजच्या ऑर्डरी आणि वर मोठ्या अक्षरात ४.८.

आमचे मॅनेजर पवारसाहेब चष्मा कपाळावर सरकवून वाकले. "हे चार पॉइंट आठ काय?"

"रेटिंग साहेब. पाचपैकी."

"मग बाकीचे पॉइंट दोन कुठे गेले?"

"एका सोसायटीत कुत्र्यानी पिशवी खेचली साहेब. त्या मॅडमनी एकच स्टार दिला."

पवारसाहेबांनी मान डोलावली आणि फॉर्म ओढला. आमचा फॉर्म छापला तेव्हा माणसाला नोकरी म्हणजे नोकरीच असायची. त्यात तिसरा रकाना मालकाच्या नावाचा.

"मालक कोण?"

"ॲप."

"अरे, ॲपचा मालक कोण?"

"माहीत नाय साहेब. तो कधी बोललाच नाय माझ्याशी."

पवारसाहेबांनी पेन टेकवलं आणि शांतपणे लिहिलं, 'मालक : अज्ञात'. असा फॉर्म घेऊन मला संचालक मंडळापुढे जायचं होतं!

*

त्याला गाडी का हवी होती, ते मला पतपेढीच्या दारातच बघायला मिळालं.

तो भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर चालवायचा. भाडं रोजचं, आणि ते ठरलेल्या वेळेत मोबाईलवरून गेलं नाही की कंपनी बसल्या जागेवरून स्कूटर बंद करते. चावी फिरवा, लाथ मारा, देवाचं नाव घ्या, ती हलत नाही. त्या दिवशी दुपारी तो एक कागद द्यायला आला, बाहेर गेला आणि स्कूटर ठप्प. आदल्या दिवशीचे पैसे खात्यात आले नव्हते, म्हणून भाडं कापलं गेलं नव्हतं. बॅगेत शिवमंदिराकडच्या एका सोसायटीची ऑर्डर. मोबाईलवर उलटे आकडे पळतायत. नऊ मिनिटं. आठ मिनिटं.

"ऑर्डर वेळेत नाय गेली तर आयडी लॉक होईल ताई! आधीच दोन वॉर्निंग आल्यात!"

मी म्हटलं, रिक्षाने जा. रिक्षावाला म्हणाला, भरल्याशिवाय सोडत नाही. माझं डोकंच फिरलं. तीन सीटचे पैसे मी त्याच्या हातावर आपटले आणि दीपकला आत ढकललं. रिक्षा सुटली, आणि ती बंद पडलेली स्कूटर संध्याकाळपर्यंत आमच्या दारात मध्येच उभी.

पवारसाहेब सगळं खिडकीतून बघत होते. मी आत आल्यावर म्हणाले, "संध्याबाई, कर्ज मंजूर व्हायच्या आधीच वाटप सुरू केलंत?"

*

आमच्या पतपेढीचा एक जुना नियम आहे. अर्जदार त्याच्या राहत्या घरी प्रत्यक्ष भेटला पाहिजे आणि तिथेच त्याने माझ्यासमोर सही केली पाहिजे. तीन फेऱ्यांत भेटला नाही तर अर्ज रद्द. कारखान्याच्या कामगारांना हे सोपं होतं. भोंगा वाजला की माणूस घरी. दीपकच्या कामाला कुठला आलाय भोंगा!

दोन फेऱ्या फुकट गेल्या. दोन्ही वेळेला त्याची आई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. "तो कवा घरी असतं? निसता झोपाला येतं," एवढंच सांगायची आणि मला पाणी द्यायची.

तिसऱ्या फेरीला मी त्याला ओट्यावरूनच फोन लावला. "दीपक, आज नाही भेटलास तर तुझा अर्ज संपला. मी पण काही करू शकणार नाही."

"ताई, आता जेवणाचा टाइम हाय, लॉगआउट केलं तर आख्ख्या आठवड्याचा इन्सेंटिव्ह जाईल. एक काम करा. आमच्या घरच्या पत्त्यावर बेलवलीच्या मिसळवाल्याकडनं मिसळ मागवा. मी त्याच हॉटेलासमोर उभा हाय. ऑर्डर मलाच लागेल. मिसळ पण येईल, मी पण येईन!"

कल्पना चांगली होती, नाही म्हणत नाही. मी दोन मिसळ मागवल्या. पंचवीस मिनिटांनी गाडीचा आवाज आला. मी फॉर्म आणि पेन घेऊन दारात उभी. हेल्मेट काढलं तर आत भलताच माणूस, काळी दाढी, घामाघूम.

"मैं सलीम. दीपक को अंबरनाथ का ऑर्डर लग गया मॅडम. वो बोला, मॅडम को बिठाके रख."

मग आम्ही बसलो. दीपकच्या आईने आणि मी त्या दोन मिसळ खाल्ल्या. घड्याळात तीन वाजून गेले. पाचच्या आत मला पतपेढीत फेरीचा अहवाल द्यायचा होता आणि माझी नजर सारखी रस्त्याकडे. तीन वीसला दीपक धापा टाकत आला आणि सही करून हुश्श करत खाली बसला.

आता साक्षीदार. शेजारच्या नव्या इमारतीत कुणी दार उघडेना. सलीम दुसऱ्या ऑर्डरवर पुन्हा तिथूनच चालला होता, त्याला थांबवला. फॉर्मवरचा प्रश्न वाचला, "अर्जदाराला कशामुळे ओळखता?"

"रोज मेरा ऑर्डर इसको लगता है मॅडम. आज पहली बार उल्टा हुआ!"

मी 'व्यवसायामुळे' असं लिहिलं.

*

मंडळाच्या मीटिंगला मात्र हसायला काही नव्हतं. तोवर दीपकचं बघून त्याच्या नाक्यावरच्या आणखी अकरा जणांनी अर्ज टाकले होते. कुणी जेवण पोचवणारे, कुणी किराणा, कुणी औषधं. सलीम होता, किराणा पोचवणारी सोनाली होती. बारा फॉर्म आणि बाराही फॉर्मवर 'मालक : अज्ञात'.

आमचे अध्यक्ष अण्णा स्वतः कारखान्यातून रिटायर झालेले, पतपेढी उभी केलेला माणूस. त्यांनी फॉर्म एकेक करून पालथे ठेवले. "कायम नोकरीचे दोन जामीनदार कुठायत? आज हे आहेत, उद्या ॲप बंद. मग कुणाच्या दारात जायचं?"

भोईर नावाचे एक संचालक लगेच म्हणाले, "या पोरांना पैसे म्हणजे पाण्यात."

मी तिथे टिपणं घ्यायला बसते, बोलायला नाही. पण बोलले. "अण्णा, स्लिपवाल्यांची थकबाकीची यादी माझ्याकडे आहे. कंपन्या बंद पडल्या तेव्हा त्यांचे कायमवाले जामीनदारही बंद पडले. वाचू का नावं?"

"नको, नको," भोईर घाईने म्हणाले. "मीटिंग लांबेल."

यादीत दुसरंच नाव त्यांच्या मेहुण्याचं होतं.

मग अण्णांनी निकाल दिला. एकट्या दीपकला कर्ज द्यायचं, बाकीच्या अकरा जणांनी त्याला जामीन राहायचं. आणि पतपेढीची जुनी रीत मोडायची नाही. पहिला हप्ता रोख, पासबुकासकट, दहा तारखेला पाचच्या आत काउंटरवर. मोबाईलवरून चालणार नाही. "पहिला हप्ता चुकला तर अकराच्या अकरा अर्ज परत. पुन्हा या लोकांचा विषय इथे काढायचा नाही. आणि संध्याबाई, तुम्हीही काढायचा नाही."

मी बाहेर येऊन दीपकला सांगितलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो भिंतीला टेकून म्हणाला, "म्हणजे मी पडलो तर सगळे पडणार."

मला त्याची दया आली, आणि भीतीही वाटली.

*

गाडी घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो, कारण दुकानाच्या नावाचा चेक माझ्या हातात होता. सेकंडहँड गाड्यांचे व्यापारी, सिंधी गृहस्थ, फार गोड बोलणारे. "साईं, एकदम मक्खन गाडी है. माइलेज पूछो!"

दीपकने माइलेज विचारलंच नाही. बॅगेतून झाकण लावलेला डाळीचा डबा काढला, मागे बांधला आणि उल्हासनगर कॅम्पातल्या रस्त्यांच्या खड्ड्यांतून एक चक्कर मारून आला. डबा उघडला. डाळ सांडलेली. दुसरी गाडी. थोडी सांडलेली. तिसऱ्या गाडीवरून आला, झाकणाच्या कडेला बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ही."

व्यापारी माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, तीस साल से धंधा कर रहा हूँ. लोग मेकॅनिक लाते हैं, ये दाल लाया है!"

*

आणि मग आली दहा तारीख.

सकाळी दहाला फोन आला, "ताई, पैसे पाकिटात घातले, पासबुक पण घातलं. दुपारचा रश संपला की येतो."

तीन वाजले. साडेतीनला मी फोन केला, स्विच्ड ऑफ. चारला केला, स्विच्ड ऑफ. चहा आला, मी घेतला नाही. चारपासून मी इतक्या वेळा दाराकडे पाहिलं की शिपाई म्हणाला, "बाई, कुणी येणार आहे का?" मी त्याच्यावर उगाच खेकसले.

साडेचारला पवारसाहेब उठले, कपाटातून अकरा फॉर्म काढले आणि टेबलावर ठेवून त्यांना दोरी बांधायला लागले. वाईट माणूस नाही तो. दोरी बांधताना माझ्याकडे बघत नव्हते.

"साहेब, पाच वाजायचेत अजून."

"मी कुठे पाच वाजले म्हणालो?"

पावणेपाचला शिपायाने शटर अर्धं ओढलं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. दीपकवर, अण्णांवर, त्या मेल्या नियमावर. बावीस वर्षांत एकदा तोंड उघडलं, आणि ते असं पालथं पडणार!

पाचला सात मिनिटं असताना शटरखालून एक हेल्मेट आत आलं. सोनाली! किराण्याच्या कंपनीचा टीशर्ट, श्वास लागलेला. तिने बॅगेतून एक कागदी पिशवी काढली, वर चार स्टेपल मारलेल्या.

"संध्याताई, पतपेढी?"

"अगं मीच! ओळखत नाहीस का? आण इकडे. दीपक कुठाय?"

"माहीत नाय ताई. मला सलीमभाईंनी विठ्ठलवाडीला दिलं. त्यांना कुणीतरी औषधवाल्यानी दिलं. सगळ्यांच्या ऑर्डरी चालू होत्या ना, ज्याची ऑर्डर जिथपर्यंत, तिथपर्यंत त्याने आणलं."

मी हात पुढे केला. तिने पिशवी छातीशी धरली.

"ओटीपी?"

"कसला ओटीपी?"

"दीपकदादाचा निरोप हाय. आत पैसे हायत. ओटीपी घेतल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाय. मला नंबर लिहून दिलाय, जुळला पायजे." तिने तळहात उघडून लगेच मिटला. चार आकडे, निळ्या पेनाने.

"अगं बाई, पाच मिनिटं राहिलीत! तुझासुद्धा अर्ज आहे त्या दोरीत!"

"म्हणूनच ताई. माझ्या हातून चूक नको व्हायला."

पवारसाहेब ओरडले, "संध्याबाई, काहीतरी सांगा तिला!" मी कर्ज खात्याचा नंबर सांगितला. नाही. गाडीचा नंबर सांगितला. नाही. सोनालीचे डोळे भरले, पण मूठ उघडेना. "तीनच चान्स असतात ताई," ती म्हणाली.

पाचला तीन मिनिटं. आणि पतपेढीचा जुना लँडलाइन खणखणला.

"ताई? दीपक बोलतोय. सलीम बोलला, सोनाली आणतेय. पोचली?"

"अरे, तू आहेस कुठे? फोन का बंद तुझा?"

"ते सोडा. पहिले ओटीपी घ्या. सात, शून्य, तीन, नऊ."

मी मोठ्याने आकडे म्हटले. सोनालीने तळहात बघितला, पिशवी काउंटरवर ठेवली आणि मटकन बाकावर बसली. पवारसाहेबांनी स्टेपल दातांनी उपटल्या. पाकीट, पासबुक, नोटा. मोजल्या, शिक्का मारला आणि पाचला एक मिनिट कमी असताना पासबुकात सही केली. मग कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी फॉर्मांची दोरी सोडली.

मी अजून फोन धरून उभी होते. "झालं बाबा, भरला हप्ता! आता तरी सांग, कुठे आहेस?"

पलीकडे एका बाईचा आवाज आला, "अहो, फोन ठेवा आधी! पाय हलवू नका, प्लास्टर ओलं आहे अजून!"

"काय नाय ताई," दीपक म्हणाला. "पावती सोनालीकडे द्या. तिला उल्हासनगरची ऑर्डर लागली, तर आणेल."